पहिल्या पायरीपुढची फरशी

सोमवार, ११ नोव्हेंबर १९६८. जळगाव

झाले ते क्रमाने लिहून ठेवते. पुढे कोणी विचारले तर तोंडून वेगळे निघायला नको.

१. धुळ्याच्या प्रेमकुंवर सूतिकागृहाचे नकाशे आमच्या ऑफिसचे. आर्किटेक्ट झुलाल महाजन, म्हणजे नाना. साइटवरची देखरेख माझी.

२. जोत्याची उंची १.०५ मीटर. नकाशात १५ सेंटिमीटरचे सात चढ. म्हणजे दगडाच्या पायऱ्या सहा, आणि सातवा पाय ओट्यावर.

३. ३ ऑक्टोबरला देणगीदारांच्या घरच्या जतनबाई साइटवर आल्या. त्यांनी पायऱ्या मोजल्या, त्या सहा भरल्या. बाळंतिणीच्या घराला सम पायऱ्या नकोत, म्हणाल्या. नाना ओटा धरून मोजतात, त्या ओटा सोडून मोजतात.

४. नाना तापाने घरी होते. उद्घाटन धनत्रयोदशीला ठरले होते. सगळे दगड नव्याने घडवायला पंधरा दिवस लागले असते.

५. मी पितांबर मिस्तरींना पहिल्या पायरीपुढे ७ सेंटिमीटर उंचीची एक फरशी बसवायला सांगितले. पायऱ्या सात झाल्या. नकाशात दुरुस्ती केली नाही. कोणाला विचारले नाही.

६. शुक्रवारी, ८ तारखेला, सकाळी साडेदहाला सोनगीरच्या मंजुळाबाई, वय २६, आठवा महिना, तपासणीला आल्या असता त्या फरशीला अडखळून पडल्या. उजवे मनगट मोडले. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण पंधरा दिवस लक्ष ठेवावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले.

७. चूक माझी.

आज ऑफिसात आले तर नाना नव्हते. माझ्या ड्रॉइंग बोर्डावर त्यांची ऑफिसची किल्ली होती, आणि किल्लीखाली त्यांनी सूतिकागृहाच्या समितीला पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत. 'सदर फरशी माझ्या संमतीने बसविण्यात आली. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. यापुढे मी व्यवसाय बंद करीत आहे.' खाली पेन्सिलीने माझ्यासाठी: 'भामरेबाई, वाचनालयाचे नकाशे तुम्ही पुरे करा. मी नशिराबादला शेतावर आहे.'

संमती त्यांनी दिली नव्हती. पत्राचे पहिलेच वाक्य चुकीचे आहे. ते दुरुस्त झाले पाहिजे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पितांबर मिस्तरी धुळ्याहून पहिल्या बसने आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"बाई, समितीनं बोलावलं तर मी सांगतो, फरशी माझ्या मनानं लावली. मिस्तरी लोक असं करतात, सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही तुमच्या मनाने लावली नाही."

"अहो, पण माझं काय जाणार आहे? दोन शिव्या. त्या मला रोजच्याच."

मी नको म्हटले. मग ते बसले आणि म्हणाले, "लावली त्याच दिवशी मला ठेच लागली होती तिथं. म्हटलं, आपलं वय झालं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही त्या दिवशी खुशीत होता, बाई. तुम्ही खुशीत असता असं फार वेळा दिसत नाही."

चहा मागवला.

कालच्या यादीत एक गोष्ट नाही. फरशी बसल्यावर जतनबाई पुन्हा आल्या होत्या. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "बेटी, माझं तू ऐकलंस." सूतिकागृह त्यांच्या सुनेच्या नावाचे आहे. ती सून बाळंतपणात गेली. हे क्रमांक पाचनंतर यायला हवे होते का, यावर बराच विचार केला. इमारतीच्या दृष्टीने संबंध नाही, म्हणून वगळले होते.

नानांना पत्र टाकले: 'आपले विधान चुकीचे आहे, मागे घ्यावे.' दोन ओळी.

रविवार, १७ नोव्हेंबर

सोनगीरला जाऊन आले. जळगाव ते धुळे, पुढे दुसरी बस. किल्ल्याच्या पायथ्याशी घर विचारले तर तिघीजणी सोबत निघाल्या. प्लास्टरवाली बाई आता गावात प्रसिद्ध आहे.

मंजुळाबाई अंगणात बसून डाव्या हाताने शेंगा फोडत होत्या. त्यांच्या सासू, भिकुबाई, शेजारी बसून फोडलेल्यातून खडे, कुजके दाणे निवडत होत्या.

"तू त्या दवाखानानी इंजिनेर शे का?" मंजुळाबाईंनी विचारले.

"आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे."

"एकच ते."

मी उभ्यानेच सगळे सांगितले, क्रमांक एकपासून सातपर्यंत. त्या ऐकत होत्या. शेवटी सासूकडे बघून हसल्या. "इतलं बठ्ठं पाठ करी ऊनी व माय." एवढे सगळे मी पाठ करून आले, म्हणून.

मी म्हटले, तुम्ही समितीकडे माझ्याविरुद्ध तक्रार करू शकता. अर्ज मी लिहून देते.

"तुनाविरुद्ध तूच लिखशी?" त्या म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "माले ती फरशी दिसनी नही. आते माले मना पायबी दिसतस नही."

मला नीट कळले नाही. त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या, माझ्यासमोर सरळ उभ्या राहिल्या आणि खाली बघून दाखवले. पोटामुळे पावले दिसत नव्हती. पावलांपुढची जमीनही दिसत नव्हती. किती, ते मी विचारले. त्यांना सांगता येईना. मग मी पर्समधली टेप काढली, जमिनीवर शेंगेचे टरफल ठेवले आणि दिसेपर्यंत पुढे सरकवत गेले. बोटांपासून ४२ सेंटिमीटर.

"हाई काय मोजी राहिनी?" भिकुबाईंनी विचारले.

"मना पोटनी सावली," मंजुळाबाई म्हणाल्या. दोघी खूप हसल्या. मीही, थोडे.

फरशी पायरीपुढे ३० सेंटिमीटर आलेली. म्हणजे तिथे पोचलेल्या बाईला ती दिसणे शक्यच नव्हते. सवयीची १५ सेंटिमीटरची पायरी पाय न बघता चढता येते, कारण पायाला ती उंची माहीत असते. ७ ची माहीत नसते. पाच वर्षे शिकले, चार वर्षे काम केले. गरोदर बाईला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे मला माहीत नव्हते. नानांना माहीत होते. सूतिकागृहाचा नकाशा काढण्याआधी ते सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यासमोर तीन दिवस बाकावर बसून होते. कोणती बाई कोणत्या पायरीवर थांबते ते टिपत होते. मला वाटले होते, ऊन टळायची वाट बघतात.

निघताना मंजुळाबाईंनी माझा हात धरून पोटावर ठेवला. "देख. लाथा मारस."

पाच-सहा सेकंद ठेवला असेल. मग बसची वेळ झाली म्हणून उठले. बस पाऊण तासाने होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नानांचे उत्तर नाही.

वाचनालयाच्या कामासाठी जुने नकाशे बघायला त्यांचे कपाट उघडले. सव्वीस वर्षांचे काम आहे. त्यांची एक पद्धत मला ऐकून माहीत होती, पाहिली नव्हती: इमारत वापरात आली की काही दिवसांनी जाऊन बघायची, आणि नकाशांच्या शेवटच्या कागदावर लाल शाईने आपल्या चुका लिहायच्या. दुसरे काही लिहायचे नाही. आज सगळे कागद एकामागून एक वाचले.

भाजी मंडई, १९४९: 'डोक्यावरची पाटी उतरवायचा ओटा साडेतीन फूट केला. चार हवा होता. बायांना वाकावे लागते.'

आगीच्या बंबाची शेड, १९५४: 'बंबाला जागा दिली, माणसांना झोपायला दिली नाही. ते बंबावर झोपतात.'

स्मशानातली शेड, १९५७: 'बाक ठेवला नाही. लोक लाकडांवर बसतात.'

धुळ्याची मुलींची शाळा, १९५८: 'खिडक्या उंच. बसलेल्या मुलींना फक्त आभाळ दिसते. ही चूक आहे की नाही, ठरत नाही.'

त्या शाळेत मी एक वर्ष होते. शेवटच्या बाकावर. ती चूक नाही.

या सगळ्या इमारतींच्या कोनशिला मला पाठ आहेत. अध्यक्ष, मंत्री, देणगीदार. नानांचे नाव एकीवरही नाही.

सर्वांत वरचे भेंडोळे सूतिकागृहाचे होते. त्यावर एकच लाल ओळ: 'पहिल्या पायरीपुढे फरशी. धोक्याची. पाहिली, बोललो नाही.' खाली तारीख, १९ ऑक्टोबर.

१९ ऑक्टोबर म्हणजे उद्घाटनाचा दिवस. मंजुळाबाई पडल्या त्याच्या वीस दिवस आधी.

म्हणजे पत्रातली 'संमती' अगदीच खोटी नाही. पूर्ण खरीही नाही. त्या दिवशी ते फरशीवर उभे राहिले होते, हे मला आठवते. त्यांनी बुटाच्या टोकाने ती दोनदा ठोकली. मग वर बघून मला म्हणाले, "भामरेबाई, आज तरी पेढा खा. मोजमाप नंतर."

ते का बोलले नाहीत, ते कळत नाही. ते नेहमी बोलतात.

रविवार, २४ नोव्हेंबर

सायकलने नशिराबादला गेले. हायवेवर ट्रक फार. केळी भरलेल्या एका ट्रकवाल्याने हॉर्न देऊन काहीतरी म्हटले, ते ऐकू आले नाही.

नाना शेतातल्या खोलीपुढे खाटेवर कापूस निवडत बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, "सायकलने? गावात आता आठवडाभर दुसरा विषय नाही."

"तुम्ही पत्राला उत्तर दिले नाही."

"त्याला पत्र म्हणतात होय? मला वाटलं, तार आली."

मी लाल शाईचा कागद सोबत नेला होता. उलगडून समोर ठेवला. त्यांनी बघितला आणि कापूस निवडत राहिले.

"तुम्ही पाहिली होती. का बोलला नाहीत?"

"राहून गेलं."

"तुमचं असं राहून जात नाही."

त्यांच्या पत्नी, तानुबाई, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मी त्यांना अक्का म्हणते. त्या आतूनच म्हणाल्या, "मला नको सांगायला लावू बाई त्यांचं. त्या दिवशी घरी आले, जेवले नाहीत. म्हणे, पोरीनं पहिल्यांदा एकटीनं काम उभं केलं, सगळं गाव टाळ्या वाजवतंय, आजच्या दिवशी कुठं सांगू. दिवाळी झाली की सांगेन. मग दिवाळी झाली."

नाना म्हणाले, "भाकरी करपतेय."

"भाकरी नाही करपत. तुमचं तोंड करपलंय पंधरा दिवसांपासून."

आम्ही जेवलो. ठेचा तिखट होता. नंतर नानांनी मला विहिरीकडे नेले. चालता चालता म्हणाले, "तुम्हाला वाटतं, मी तुमचा गुन्हा अंगावर घेतला. तसं नाही. मी सव्वीस वर्षं इमारती बांधल्या. चुका केल्या, लिहून ठेवल्या. पण त्या चुकांनी कोणाचं हाड मोडलं नव्हतं. आता पेन्सिल धरली की ती बाई पडताना दिसते. मी पाहिलेली नाही, तरी दिसते. दुसऱ्याच्या पायाखाली काही ठेवायचा धीर नाही राहिला."

"मला मंजुळाबाई भेटल्या. त्या हसत होत्या."

"त्यांचं मन मोठं. त्यानं माझा धीर परत येत नाही."

मी ४२ सेंटिमीटरचे सांगितले. ते थांबले. मोजमाप कसे घेतले ते दोनदा विचारले. शेंगेचे टरफल ऐकून थोडे हसले. पण ऑफिसात येतो असे म्हणाले नाहीत.

परतताना नशिराबादच्या वेशीजवळ चष्मा पुसायला उतरले. पुढे आणखी दोनदा उतरावे लागले. या रस्त्यावर धूळ फार आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. धुळे

समितीची सभा सूतिकागृहातच झाली. अध्यक्ष शांतीलाल शेठ, जतनबाईंचे मोठे चिरंजीव. नाना आले नाहीत. मी माझे निवेदन वाचले. सात क्रमांक होते तसेच, आणि आठवा नवा: 'आर्किटेक्ट महाजन यांनी उद्घाटनाच्या दिवशी फरशी पाहिली. मला पहिल्या कामाचा आनंद मिळावा म्हणून ते त्या दिवशी बोलले नाहीत.' हे वाक्य वाचून झाल्यावर थांबले. पाणी प्यायले.

शांतीलाल शेठ म्हणाले, "नानांचं पत्र म्हणतं चूक त्यांची. तुम्ही म्हणता तुमची. मिस्तरी सकाळपासून बाहेर बसलाय, तो म्हणतो त्याची. इतके गुन्हेगार मी एकत्र पाहिले नाहीत."

तेवढ्यात जतनबाई दारातून बोलल्या. त्या सभेला बसत नाहीत, दारात बसतात. "पायरी मी मागितली. पण सम मला अजून नकोच. त्याचं काय करता ते बोला."

त्या आदल्या दिवशी सोनगीरला जाऊन मंजुळाबाईंना डिंकाचे लाडू देऊन आल्या होत्या. हे शेठनी सांगितले, त्यांनी नाही.

मी तयार उत्तर नेले होते. १.०५ मीटरचे आठ समान चढ केले तर प्रत्येकी १३.१ सेंटिमीटर होतात. दगडाच्या पायऱ्या सात, सगळ्या सारख्या, आणि चढायला आधीपेक्षा हलक्या. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा. जतनबाईंना हवे ते आणि बरोबर ते, दोन्ही एकाच जागी बसते. ३ ऑक्टोबरलाही बसले असते. मी गणित केले नाही. पंधरा दिवस वाचवले.

शांतीलाल शेठनी मान्य केले. फरशी आजच काढायला सांगितली, आणि पितांबरनी ती सभा संपायच्या आत काढली. पण शेठनी एक अट घातली. "नव्या नकाशावर नानांची सही पाहिजे. त्यांचा बंद करण्याचा निर्णय मी अजून समितीपुढे ठेवलेला नाही. सोमवारी, नऊ डिसेंबरला ठेवावा लागेल. एकदा नोंद झाली की झाली. त्याआधी त्यांना आणा."

"मी त्यांना आणू शकत नाही."

"मग कोण आणणार, बाई? मी?"

रविवार, १ डिसेंबर

पितांबर मिस्तरींनी निरोप आणला. मंजुळाबाईंना काल पहाटे मुलगी झाली. सूतिकागृहातच. वजन २.६ किलो. दोघी ठीक.

त्यांना कुठल्या दाराने आत नेले, ते मी विचारले. समोरच्या, पितांबर म्हणाले. चालत गेल्या. नर्सने हात धरला होता, पण त्यांनी सोडवून घेतला.

दिवसभर दुसरे काम झाले नाही.

सोमवार, २ डिसेंबर

नानांना आज पाठवलेल्या पत्राची नक्कल. आधीचे तीन मसुदे फाडले.

ती. नाना यांस, सा. न. वि. वि.

मंजुळाबाईंना शनिवारी पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

फरशी काढली. नव्या सात पायऱ्यांचा नकाशा तयार आहे. समितीला त्यावर आपली सही हवी आहे. वाचनालयाचे नकाशेही पुरे झाले. मी त्यांत तीन चुका शोधल्या. आणखी असतील, त्या मला दिसत नाहीत.

दुसऱ्याच्या पायाखाली काही ठेवायचा धीर राहिला नाही, असे आपण म्हणालात. त्यावर त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. उत्तर असे की तो मलाही राहिलेला नाही. रोज सकाळी पेन्सिल धरते आणि ठेवते. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेले नाही. ज्याला धीर आहे त्याने बांधावे आणि ज्याला नाही त्याने शेतावर जावे, असा नियम असेल तर ऑफिसला कुलूप लावावे लागेल. पण दोघे भ्यालेले लोक एकमेकांचे काम तपासू लागले, तर काम बरे होईल असे मला वाटते.

आपण पाहिले तर त्याच वेळी बोलावे. माझा चेहरा बघून थांबू नये. मीही थांबणार नाही.

नकाशावर आपल्या जागी मी सही करणार नाही. शेजारी करीन.

समितीची सभा सोमवारी ९ तारखेला आहे. आपण येणार की नाही, ते कृपया शनिवार, ७ डिसेंबरपर्यंत कळवावे.

आपली,
भामरे